दोघांची पचमढी

॥ श्री ॥

सिंदी (रेल्वे)
६ जानेवारी १९९८

ती. आत्यास,
रक्षाचे शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

मागच्या पत्रातली एक चूक आधी दुरुस्त करते. आम्ही दोघं पचमढीला चाललो आहोत, असं मी लिहिलं होतं. त्यातलं पचमढी बरोबर आहे, दोघं चुकलं. तू मला ओसरीवर बसवून तिसरीपर्यंत घरीच शिकवलंस, तेव्हा चुकलेलं खोडायचं नाही, शेजारी बरोबर लिहायचं, असा नियम घातला होतास. म्हणून शेजारी लिहिते, की आजच्या तारखेला आम्ही सहा जण आहोत.

हे कसं झालं ते सांगते. दिवाळीनंतर आम्ही हिंगणघाटला एका लग्नाला गेलो होतो. परतताना बसमध्ये आम्हा दोघांना शेजारी जागा मिळाली. आमच्या लग्नाला दोन वर्षं झाली, पण असं शेजारी बसणं पहिल्यांदाच. तेव्हा हे आपणहून बोलले. कॉलेजच्या सहलीत पचमढीला गेले होते म्हणे. बाकीची मुलं धबधब्यावर गेली आणि हे एकटेच इंग्रजांच्या वेळच्या एका दगडी चर्चमध्ये जाऊन बसले. खिडक्यांना रंगीत काचा होत्या, लाल-निळं ऊन फरशीवर पडलं होतं. तिथं तासभर कोणी त्यांना कशाचाही भाव विचारला नाही, असं म्हणाले. कापडाच्या दुकानात वाढलेल्या माणसाला त्याचं केवढं वाटलं असेल. पुढं काही सांगणार होते, पण वर्ध्याला गाडी बदलली, ओळखीचे भेटले आणि ते बोलणं तिथंच राहिलं.

घरी ते पुढं सुरू होत नाही. तुला आमची खोली माहीत आहे. घराच्या गोधड्या, लोणच्याच्या बरण्या आणि दुकानाचे जादा तागे आमच्याच खोलीत. त्यामुळे घरातल्या प्रत्येकाला दिवसातून चारदा तिथं काम असतं. म्हणून मला वाटलं, तीन दिवस त्याच गावी जावं, त्या फरशीवर बसावं आणि ते राहिलेलं बोलणं ऐकावं. बाकी मला पचमढीचं काही नाही.

मी सासूबाईंना विचारलं तेव्हा त्या तूर निवडत होत्या. पचमढीला जाऊन यावं म्हणते, एवढंच बोलले. त्यांनी सूप खाली ठेवलं, हात जोडले आणि म्हणाल्या, “महादेवाले चालले का? बरं झालं बाई, नवस राह्यलाच होता.”

आत्या, आपल्याकडं पचमढी म्हटलं की महादेव, हे मला ठाऊक असायला हवं होतं. मी चर्चचं सांगायला तोंड उघडलं, पण तोवर त्यांचे डोळे भरून आले होते. हे चार वर्षांचे असताना मुदतीच्या तापानं आजारी होते. पोरगं बरं झालं तर त्याच्या उंचीएवढा त्रिशूल पचमढीच्या चौरागडावर महादेवाला वाहीन, असं त्या बोलल्या होत्या. हे बरे झाले. मग दुकान वाढलं, नणंद हर्षाताईंचं लग्न झालं, नवस मागं पडत गेला आणि हे मात्र वाढत गेले. आता पाच फूट दहा इंच आहेत.

यावरून घरात वाद आहे. सासरे, म्हणजे अण्णाजी, म्हणतात, सौदा ज्या दिवशी झाला त्या दिवशीचं माप धरावं, चार वर्षांच्या पोराएवढा त्रिशूल पुरे. सासूबाई म्हणतात की देवाच्या घरी थकलं तर वाढतं. काल त्यांनी ह्यांना दुकानाच्या दाराशी उभं करून काळ्या दोऱ्यानं मोजलं. समोर बसलेल्या गिऱ्हाइकांनी सदऱ्याचं माप चाललं आहे असं समजून शिंप्याचा पत्ता विचारला.

सहा म्हणजे आम्ही दोघं, सासूबाई, अण्णाजी, आणि सासूबाईंचे भाऊ, हिंगणघाटचे बापूराव मामाजी व मामीजी. मामाजींशिवाय आमच्याकडं बारसंसुद्धा होत नाही.

मी गप्प बसले, हे खोटं बोलण्यात धरायचं का, ते कळवावं. बाबांना नमस्कार. लोभ आहे हे माहीत आहे, या वेळी तो जरा लवकर पाठवावा.

तुझी
रक्षा

•

हिंगणी
१२ जानेवारी १९९८

चि. सौ. रक्षास,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. इकडं सगळे खुशाल. रोह्यांच्या कळपानं शेताच्या धुऱ्याकडची तूर खाल्ली, तुझे बाबा रोज माचीवर बसून टिनाचा डबा बडवतात. रोह्यांना आता तो आवाज ओळखीचा झाला आहे. धरणाकडं वाघ दिसला म्हणून गाव चार दिवस लवकर झोपलं. मग कळलं की गुलाबच्या गोठ्यातलं वासरू सुटलं होतं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. गप्प बसणं खोट्यात धरत नाहीत. पण ते फार दिवस ठेवलं की आंबते, मग त्याचं काय होते ते तू ताकावरून समज.

सहलीचं वाचून मी पुष्कळ हसले. आमच्या वेळी नवरा-बायकोनं गावाला जायचं म्हणजे तो पुढं आणि ही अर्धा फर्लांग मागं. कोणाला विचारलं तर दोघं वेगवेगळ्या कामाला चालले आहेत असंच सांगतील. तू शेजारी बसायचं म्हणते, तेही फरशीवर, तेही इंग्रजांच्या. तुझ्या सासूला ते कळलं नाही यात तिचा दोष नाही. तिच्या डोक्यात बाईनं घराबाहेर पडायला देव लागतो किंवा मयत लागते. तिसरं कारण तिला कोणी दिलंच नाही.

आणि महादेवाला का भितेस? तो स्वतः डोंगरावर बायकोला घेऊन राहतो. दोघंच राहतात. पार्वतीला सासू नव्हती, एवढाच काय तो फरक.

तीळ पाठवते आहे, लाडू तूच कर. तुझ्या हातचे बरे होतात. पत्रात जावईबापूंचं काही नाही. ते काय म्हणतात ते लिहिजो. तब्येतीला जप, आणि आत्याची आठवण लाडू खाताना तरी काढत जा.

तुझी
अन्नपूर्णाआत्या

•

॥ श्री महादेव प्रसन्न ॥

हिंगणघाट
१६ जानेवारी १९९८

चि. नीलेश व चि. सौ. रक्षा यांस,
बापूरावमामाचे शुभाशीर्वाद. वि. वि.

सुमित्राताईकडून शुभ वार्ता समजली. तरुण पिढी देवाधर्माकडे वळली याचा आनंद वाटला. सौ. रक्षाने स्वतः होऊन हट्ट धरला असे ताई म्हणाली. अशा सुना आजकाल राहिल्या नाहीत. मी आमच्या सुनेलाही हे पत्र मोठ्याने वाचून दाखवले आहे.

नियोजन मी हाती घेतले आहे. गिरणीत बावीस वर्षे हजेरी पाहिलेला माणूस आहे, तरी कोणीही काळजी करू नये. महाशिवरात्र बुधवारी, २५ फेब्रुवारीला येते. गर्दीच्या आधी निघावे म्हणून रविवार, २२ फेब्रुवारी हा दिवस पक्का केला आहे.

पहिला प्रश्न त्रिशूलाचा. पाच फूट दहा इंचाचा लोखंडी त्रिशूल एस.टी.त कोणी घेऊ देणार नाही. सबब मेटॅडोर ठरवली. मेटॅडोर ठरवल्यावर बऱ्याच जागा रिकाम्या राहत होत्या, आणि महादेवाच्या वाटेवर रिकामी जागा नेणे बरोबर नाही. सबब हर्षा व जावई धीरजराव, तुमच्या मामीच्या दोन्ही बहिणी, आणि तुमच्या शेजारच्या आनंदाबाई यांस घेतले आहे. आनंदाबाईंना गाडी लागते, त्यांना खिडकी द्यावी.

मुक्काम धर्मशाळेत. पुरुष एका दालनात, बाया दुसऱ्या दालनात. चौरागड, जटाशंकर, गुप्त महादेव एवढे व्यवस्थित होते. सौ. रक्षाने तिथल्या चर्चबद्दल हर्षाजवळ काही विचारल्याचे कळले. दर्शन झाल्यावर दुसरीकडे न रेंगाळता थेट घरी यावे असा आपल्याकडे शिरस्ता आहे. तरी इंग्रजांचे बंगले व चर्च चालत्या गाडीतून डाव्या बाजूस दिसेल. ज्यांना हौस आहे त्यांनी डावीकडे बसावे.

त्रिशूल घरात आल्यापासून तो वाहीपर्यंत नीलेशने अनवाणी राहावे, कांदा-लसूण वर्ज्य करावा, आणि बाकीचे नियम ताई सांगेल. सौ. रक्षा सुगरण आहे असे ऐकतो. सर्वांच्या दोन दिवसांच्या दशम्या, चटणी व शंकरपाळे तिने करावे.

ताईला १ फेब्रुवारीपासून इकडे पाठवावे. चौरागड चढायचा तर सराव हवा. हिंगणघाटात डोंगर नाही, पण आमचा जिना तीन मजली आहे.

सर्वांनी माया राखावी व वेळ पाळावी.

तुमचा
बापूरावमामा

•

सिंदी (रेल्वे)
२१ जानेवारी १९९८

ती. आत्यास,
रक्षाचे सा. नमस्कार. वि. वि.

सहा जण असं लिहिलं होतं, ते अकरा वाचावं. मामाजींचं पत्र आलं आहे. त्रिशूल उंच म्हणून मेटॅडोर, मेटॅडोर मोठी म्हणून माणसं. मी हर्षाताईंना फोनवर हळूच विचारलं होतं, की वेळ मिळाला तर चर्च बघता येईल का. त्यांनी ते मामाजींना विचारलं. मामाजींनी ते डाव्या बाजूस ठेवलं आहे.

त्रिशूल सोमवारी आला. लोहारानं तो बैलबंडीत आणला, मागं गावातली पोरं. सासूबाईंनी ओवाळला, हळद-कुंकू लावलं, आणि मग तो ठेवायचा कुठं असा प्रश्न निघाला. देवघर म्हणजे भिंतीतला कोनाडा. सैपाकघराचं छत ठेंगणं, ओसरीत येणाऱ्या-जाणाऱ्याचा पाय लागणार. छत उंच असलेली घरात एकच खोली आहे. आत्या, तू ओळखलंच असशील.

आता तो आमच्या पलंगाच्या उशाशी कोपऱ्यात उभा आहे. देवासमोर नवरा-बायकोनं एका खोलीत निजायचं नाही, असा आमच्या घरचा नियम निघाला. हा नियम आधी कोणाला माहीत नव्हता, अण्णाजींनाही नाही. पण निघाला तेव्हा सगळ्यांना पटला. ह्यांची गादी दुकानात गेली. बरण्या आणि तागे मात्र खोलीतच आहेत, त्यांना नियम नाही. म्हणजे दोघांनी तीन दिवस एकत्र राहावं म्हणून मी निघाले, आणि महिनाभर आधीच घरातूनसुद्धा वेगळी झाले. आता त्या खोलीत मी आणि त्रिशूल राहतो. तो काही बोलत नाही, पण तसं पाहिलं तर मला त्याची सवय आहे.

हे अनवाणी दुकानात बसतात. गिऱ्हाइकं कारण विचारतात, महादेवाचं नाव निघतं, बाया पदर घेऊन नमस्कार करतात आणि घासाघीस न करता लुगडं घेऊन जातात. नवसकऱ्याशी भाव कोण करणार? अण्णाजी आता उंचीबद्दल काही बोलत नाहीत. परवा जेवताना म्हणाले की नवस दरवर्षी एखादा असायला हरकत नाही.

सासूबाईंचं काय सांगू. त्यांनी ट्रंकेतून हिरवं लुगडं काढलं, उन्हात टाकलं, घडी मोडून पुन्हा घातली. काल मला विचारत होत्या की डोंगरावर थंडी असते म्हणतात, तर तुझ्या अण्णाजींसाठी मफलर विणून देशील का. लग्नाला एकोणतीस वर्षं झाली, दोघं कुठं गेलेले नाहीत. त्यांना मी आता कोणत्या तोंडानं सांगू, की मला देवाचं काही नव्हतं? सगळे मला पुण्यवान समजतात. आनंदाबाई तर येऊन माझ्या हातावर नारळ ठेवून गेल्या. माझं गप्प बसणं पुरतं आंबलं आहे.

ह्यांचं मत तू विचारलंस. ते कळलं नाही. सकाळी ते घरी येतात तेव्हा सासूबाई समोर असतात, रात्री जेवताना अण्णाजी असतात. हे ताटात बघून जेवतात. कांद्याशिवाय त्यांना घास उतरत नाही, तेवढं मला दिसतं.

लाडू बरे झाले, डबा पाठवते. रागावलीस तरी चालेल, पण पत्र मोठं लिही.

तुझी
रक्षा

•

हिंगणी
२७ जानेवारी १९९८

चि. सौ. रक्षास,
अनेक आशीर्वाद. लाडू पोचले. तुझ्या बाबांनी माचीवर नेले, रोह्यांना दिले की स्वतः खाल्ले ते समजलं नाही.

पत्र मोठं लिही म्हणतेस, पण मला एकच गोष्ट लिहायची आहे. तुझ्या पत्रांत सासूचं मत आलं, सासऱ्याचं आलं, मामाजींचं आलं, शेजारणीचं नारळासकट आलं. लोहाराचंही येईल पुढच्या वेळी. ज्याच्यासोबत जायचं त्याला तू अजून विचारलंच नाहीस. तो ताटात बघून जेवतो, तू त्याच्याकडं बघतेस, आणि दोघं मिळून महादेवाला कामाला लावता.

घरात बोलता येत नाही तर बाहेरून बोल. तुला मी अक्षर कशासाठी शिकवलं? तू शाळेत तोंड उघडत नव्हतीस, मास्तरांनी काही विचारलं की रडायचीस, म्हणून तर तुला घरी बसवून लिहायला लावलं. जे तुझ्या तोंडातून निघत नाही ते तुझ्या हातातून निघते, हे मला तेव्हाच समजलं होतं. तिकीट लावून टपालात टाक. सरकारनं पेट्या गावोगाव लावून ठेवल्या आहेत, त्या काही फक्त मयतीच्या कार्डांसाठी नाहीत.

तो नाही म्हणाला तर अकरांत जा आणि डावीकडं बस. पण आधी विचार. बाकी सर्व क्षेम. उत्तर मला नको, त्याला लिही.

अन्नपूर्णाआत्या

•

सिंदी (रेल्वे)
३० जानेवारी १९९८

श्री. नीलेश यांस,
रक्षाचा नमस्कार.

मायना काय लिहावा ते कळेना. दुसरा सुचला होता, पण पाकीट दुकानात उघडलं जाईल, म्हणून साधाच ठेवला. आपण एकाच घरचे आणि पत्र पोस्टानं, याचं हसू आलं तरी पुढं वाचावं. पत्र दुपारच्या जेवणाच्या डब्यात ठेवणार होते. पण डबा सासूबाई भरतात आणि अण्णाजी उघडतात. पोस्टाचा शिक्का सिंदीचा आणि पत्ता सिंदीचा बघून पोस्टातले भाऊ माझ्याकडं दोनदा बघत होते.

मला एकच विचारायचं आहे. बसमध्ये तुम्ही मला त्या चर्चचं सांगत होता. त्यातलं वर्ध्याला राहिलेलं मला ऐकायचं होतं, म्हणून मी पचमढीचं नाव काढलं. देवासाठी नाही. नवसाची मला तेव्हा कल्पनाही नव्हती. सासूबाईंचा समज झाला आणि मी तो दुरुस्त केला नाही. तुम्ही दहा दिवस अनवाणी फिरता आहात आणि कांदा सोडला आहे, त्याला कारण मी आहे. त्याचं मला फार वाईट वाटतं.

तुम्हाला माझ्यासोबत यायचं होतं का, दोघांनीच? की नव्हतं? नव्हतं असं असेल तर तसं लिहावं. मी दशम्या करीन, सगळ्यांसोबत येईन, आणि पुन्हा विषय काढणार नाही. पण एकदा मला ते नक्की कळू द्यावं.

पायाला भेगा पडल्या आहेत. खोबरेल तेलाची बाटली दुकानात फळीवर, लट्ठ्याच्या ताग्यांमागं ठेवली आहे. लावावं.

काळजी घ्यावी, आणि उत्तरही द्यावं.

रक्षा

•

सिंदी (रेल्वे)
२ फेब्रुवारी १९९८

सौ. रक्षा हीस,
स. न. वि. वि.

आपले ता. ३० चे पत्र पावले. मजकूर समजला.

एवढं लिहिलं आणि लक्षात आलं की हे मी मिलवाल्यांना लिहितो तसं झालं. दुकानात मला दुसरं पत्र लिहायची सवय नाही. राहू दे तसंच.

आईनं मला सांगितलं होतं की रक्षानंच महादेवाला जायचं म्हटलं. मला वाटलं तुझीच श्रद्धा आहे. बसमधलं माझं बोलणं तू विसरली असशील, किंवा तुला तेव्हाच काही पटलं नसेल, असं धरून चाललो. तुझ्या मनातलं आहे तर आपण आड येऊ नये म्हणून मापाला उभा राहिलो, गादी इकडं आणली, कांदा सोडला. कांद्याचं मात्र खरंच जड जाते आहे. तू माझ्यासाठी गप्प आणि मी तुझ्यासाठी गप्प, आणि मधल्या मधे मामाची मेटॅडोर भरली.

तू विचारलं ते. हो, यायचं आहे. दोघांनीच.

वर्ध्याला काय राहिलं होतं ते इथं लिहिणार नाही. लिहिलं तर तुला यायचं कारण उरणार नाही. शिवाय अण्णाजी आता गल्ल्यावर बसले आहेत.

त्यांना मी काल अर्धं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, तीन दिवस दुकानात कोण बसेल. मी म्हटलं तुम्ही. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, तुझी माय इथं नाही तर मलाही घरात काय करायचं आहे. म्हणजे त्यांचं झालं. पण आईला सांगणं माझ्याच्यानं होणार नाही, हे तुला खरं सांगतो. चार वर्षांचा असताना मी मरता मरता वाचलो, हे ती रोज एकदा तरी म्हणते. तिच्यापुढं मी अजून तेवढाच आहे. तू म्हणशील तो दिवस मला चालेल.

तेल लावलं. जास्तच लावलं, एक तागा खराब झाला.

आपला
नीलेश

•

सिंदी (रेल्वे)
५ फेब्रुवारी १९९८

ती. सौ. सासूबाई यांस,
द्वारा श्री. बापूराव मामाजी, हिंगणघाट
रक्षाचे शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

इकडं सर्व ठीक. अण्णाजींचं पोट बरं आहे. आनंदाबाईंनी दोनदा येऊन तुमची विचारपूस केली. मांजरीनं लट्ठ्याच्या ताग्यांमागं पिल्लं घातली आहेत, अण्णाजी त्यांना हाकलत नाहीत.

हे पत्र मामाजी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचून दाखवतील, हे मला माहीत आहे. म्हणून मी असंच लिहिते आहे, की जे सगळ्यांनी ऐकलं तरी मला खाली बघावं लागणार नाही.

मी पचमढीला जायचं म्हटलं ते देवासाठी नव्हतं. तिथं इंग्रजांनी बांधलेलं एक जुनं चर्च आहे, ते तुमच्या मुलाला आवडतं. तिथं त्यांच्याजवळ बसून मला त्यांचं ऐकायचं होतं. घरात आम्हा दोघांना बोलायला होत नाही. यात घरातल्या कोणाची चूक नाही, घर भरलेलं आहे एवढंच. तुम्ही हात जोडले तेव्हाच मी हे सांगायला हवं होतं. तुमचे डोळे भरलेले पाहून धीर झाला नाही.

मामाजी, इथं थांबू नका. पुढं वाचा.

तुमचा नवस खरा आहे आणि तो फिटायला हवा. २२ तारखेला आम्ही मेटॅडोरीत असू. त्रिशूल हेच खांद्यावर घेऊन चढतील. अकरा जणांच्या दशम्या, चटणी आणि शंकरपाळे मी करीन, आनंदाबाईंना खिडकी देऊ. पण त्याआधी आम्ही दोघं जाऊन येणार आहोत. सकाळच्या पॅसेंजरनं नागपूर, तिथून छिंदवाड्यावरून बस. तीन रात्रींनी परत. अण्णाजींना माहीत आहे, दुकानात ते बसतील. सैपाक मी शेजारी सांगून ठेवला आहे.

त्रिशूल घरात असताना आम्ही एकत्र जातो, म्हणजे नियम मोडतो, हे मी जाणते. त्याचा जो काही दोष असेल तो माझ्या नावानं धरावा, ह्यांच्या नाही. त्रिशूल माझ्याच खोलीत असल्यामुळे त्याला मी आधीच सांगितलं आहे. तुम्हाला सांगणं त्याहून अवघड होतं.

आणखी एक, हे फक्त तुमच्यासाठी, पण मामाजींनी वाचलं तरी हरकत नाही. २२ तारखेला गाडीतली पुढची जोडजागा मामाजींनी घेऊ नये. तिथं तुम्ही आणि अण्णाजींनी बसावं. मफलर पुरी झाली आहे, ती मी देणार नाही, तुम्हीच त्यांना द्या. जिना बेताबेतानं चढावा, गुडघ्याला तेल लावून. तुमच्याविना सकाळचा चहा मला नीट जमत नाही, अण्णाजी तसं म्हणत नाहीत पण अर्धा कप ठेवतात.

रागावलात तरी माझ्यावर माया असू द्यावी. मामीजींना नमस्कार.

आपली सून
रक्षा

ता. क. परवानगी मागत नाही, असं लिहायला हात धजत नाही. मागते असं लिहिलं तर ते खोटं होईल, कारण आम्ही जाणारच आहोत. म्हणून नुसता दिवस लिहिते. बुधवार, ११ फेब्रुवारी.